मधल्याचा शब्द

सरांची दोरी ताठ झाली आणि तिच्या टोकाचं शिसं वर सरकत सरकत रिंगला येऊन भिडलं. दोरी संपली होती, सरांना आणखी एक वीतभरही पुढे जाता येणार नव्हतं. मग त्या ताठ दोरीला दोन हिसके बसले. दोन हिसके म्हणजे ‘आणखी दोर दे’.

मी पंजा उघडून दाखवला. नाही.

पुन्हा दोन हिसके, या वेळी जोरात. रागावलेल्या माणसाचे हिसके हाताला लगेच कळतात. मी पुन्हा पंजा दाखवला.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली. मालवणहून पश्चिमेला एक दिवस आणि एक रात्र बोट हाकल्यावर जिथे पोचतो, तिथली. खाली दीड हजार मीटर पाणी. अशा पाण्यात बुडी मारली की तळ दिसत नाही, खडक नाही, काठ नाही. आपण वर चाललोय की खाली हेसुद्धा बुडबुड्यांना विचारावं लागतं. म्हणून आम्ही स्वतःला बांधून घ्यायचो. बोटीशेजारी एक बोया तरंगत सोडलेला, त्याला खाली लोंबता जाड दोर, आणि त्या दोराला पंधरा मीटरवर लोखंडी रिंग. रिंगमधून प्रत्येकाची दहा मीटरची दोरी ओवलेली. तिचं एक टोक माणसाच्या कमरेला क्लिपने अडकवायचं, दुसऱ्या टोकाला मुठीएवढं शिसं. माणूस लांब गेला की त्याचं शिसं वर चढतं, जवळ आला की खाली उतरतं. बाकीचे बरण्या घेऊन चहूकडे जेलीफिश शोधत फिरतात आणि रिंगपाशी एक माणूस बसतो. त्याच्या हातात बरणी नसते, दोऱ्या असतात; कुणाला दोर कमी पडला तर जोडायची जादा गुंडाळीही त्याच्यापाशीच. त्याने शिशांकडे पाहायचं आणि माणसांकडे पाहायचं, बस.

त्या मोहिमेत तो मधला माणूस मी होते, आणि त्याबद्दल माझं डोकं पहिल्या दिवसापासून तापलेलं होतं.

तापणार नाही तर काय? एम.एस्सी.ला पहिली आले होते. बोटीवर पाण्यात उतरणारे आम्ही तिघं: केतकर सर, वसईचा फिलिप लोपीस आणि मी. फिलिप माझ्याहून एक वर्ष मागे, तरी त्याच्या हातात बरणी. पहिल्याच सकाळी सर म्हणाले, “दोऱ्या खोबरेकर सांभाळेल,” आणि झालं. मला वाटलं, गाबिताची पोर आहे, बापाने जाळी ओढली, आता हिने दोऱ्या धराव्यात, असा यांचा हिशेब. मी तोंडावर विचारलंसुद्धा.

“सर, मला मध्ये का?”

“कारण मध्ये कुणीतरी लागतं.”

“फिलिप का नाही?”

“फिलिप माझं ऐकतो,” सर म्हणाले आणि चहाचा कप घेऊन निघून गेले. मला वाटलं, टोमणा मारला.

बोटीचे तांडेल बाबलकाका तेवढ्यावरून मला रोज डिवचायचे. “सरांनी तुका मदीच कित्याक बसवला, ठावक आसा? तू कोणाच्या बापाशीचा आयकनस नाय, म्हणान!” आणि स्वतःच खो खो हसायचे. काकांना आणखी एक खोड होती. आम्ही पाण्यातून वर आलो की प्रत्येकाच्या ओल्या डोक्यावर टपली मारून मोठ्याने मोजायचे, “येक, दोन, तीन.” मी म्हटलं, “काका, तिघांना काय मोजायचं? दिसतंय ना?” तर म्हणाले, “मोजूक व्हया.” एरवी बडबडा माणूस, पण यावर पुढे एक अक्षर बोलायचे नाहीत.

केतकर सर त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे. येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. उंच, काटकुळे, बोलायला तिरकस. जगातल्या सगळ्या जेलीफिशवर त्यांचा जीव होता आणि एकावर तर जडलेलाच होता. आठ वर्षांपूर्वी याच पाण्यात त्यांनी तो पाहिला होता: वीस हात लांब, पारदर्शक, एकाच धाग्यात शेकडो बारीक घंटा ओवल्यासारखा, कडेने जांभळट. असा प्राणी कुणी पाहिलेला नाही, कुठे नोंद नाही. एका परिषदेत सरांनी तो फळ्यावर काढून दाखवला, तर समोरचा एक बडा माणूस म्हणाला, तुमच्या मास्कच्या काचेवर शेंबूड आला असेल. सभागृह हसलं. ती गोष्ट आम्हाला सरांनीच सांगितली होती, तीही हसत. पण हसताना त्यांचे डोळे हसत नव्हते.

“जाळ्यात नाही सापडणार?” फिलिपने विचारलं होतं.

“जाळं वर काढलं की त्याचा चिकट गोळा होतो. हे प्राणी पाण्याचेच बनलेत रे. हाताने, बरणीत, पाण्यासकटच घ्यावे लागतात.”

“मग तेव्हाच का नाही घेतलात? एवढ्या जवळून पाहिलात तर.”

“बरणी नव्हती हातात.”

मला तेव्हा गंमत वाटली होती. रोज आमच्या बरण्या तीन तीनदा तपासणारा माणूस, आणि स्वतःच विसरला!

केबिनच्या दारावर सरांनी ऑइलपेंटने नियम रंगवले होते. पहिला नियम: मधल्याचा शब्द शेवटचा. दुसरा: तीन हिसके म्हणजे सगळे वर, आणि त्या दिवसाचं पाणी संपलं. असे पुढे नऊ. शिवाय रोज उतरण्यापूर्वी एक रिवाज असे. मधल्याने प्रत्येकाची क्लिप हाताने ओढून बघायची आणि विचारायचं, “कोण?” त्याने नाव सांगायचं आणि म्हणायचं, “बांधलेला.” फिलिप लाजत लाजत म्हणायचा. सर मात्र शाळेत हजेरी द्यावी तसे ताठ उभे राहायचे. “केतकर. बांधलेला.” बाबलकाका सुकाणूपाशी बसून पाहायचे, आणि नेमक्या त्या वेळी मात्र चेष्टा करायचे नाहीत.

नऊ दिवस झाले. पाचपन्नास प्राणी बरण्यांत आले, सरांचा तो काही आला नाही. दहावा दिवस शेवटचा. सकाळी क्लिप ओढताना सर हळूच म्हणाले, “खोबरेकर, आपल्या संशोधन संस्थेत कायम जागा निघतेय जानेवारीत. माझं पत्र लागेल तुला. आज रात्री लिहून टाकतो.”

त्या जागेसाठी मी दोन वर्षं जीव टाकत होते. घरी आई शेजारणींना आधीच सांगून बसली होती की पोरगी सरकारी शास्त्रज्ञ होणार. मी म्हटलं, “कोण?” आणि सर हसून म्हणाले, “केतकर. बांधलेला.”

आणि आता चाळीस मिनिटांनी ते दोरीच्या शेवटच्या टोकाला तिरके खाली लोंबत होते, हात पुढे पसरून, त्या हातात उघडी बरणी. बरणीच्या पुढे त्यांना काहीतरी दिसत होतं. काय, ते ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

तिसऱ्यांदा हिसके आले नाहीत. त्याऐवजी सरांचा मोकळा हात कमरेकडे गेला.

तो क्लिपकडे चालला होता.

विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगते, विचार केला असता तर ती कायम जागा नक्की आठवली असती. मी दोन्ही दोऱ्यांना तीन तीन हिसके दिले. फिलिप लगेच वळला. सर वळले नाहीत. त्यांचा अंगठा क्लिपच्या जिभेवर होता. पण क्लिपची एक खोड मला ठाऊक होती: दोरी ताणलेली असली की ती उघडत नाही. आधी सैल सोडावी लागते, म्हणजे सरांना एक हात मागे यावं लागणार होतं. तेवढं मागे यायला ते वळले मात्र, मी दोरी धरली आणि ओढायला लागले.

बाबा जाळं ओढायचे तसंच ओढलं. हातावर हात, मध्ये श्वासभरही सैल न सोडता. पाण्यात पाय रोवायला जागा नाही, म्हणून मुख्य दोराला पायांची अढी घातली. सर पाठमोरे, उलटे, हातपाय झाडत माझ्याकडे येत होते. त्यांनी क्लिपशी झटापट केली, मग दोरीच धरून उलट ओढली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. बरणी त्यांच्या हातातून सुटली. ती गोल गोल फिरत खाली गेली, लहान होत होत दिसेनाशी झाली. मी सरांचा पट्टा पकडला, फिलिपला खूण केली आणि तिघं वर निघालो. वाटेत थांबायचा नियम होता तिथे पाच मिनिटं थांबलो. ती पाच मिनिटं सर मास्कमधून माझ्याकडे नुसते बघत होते.

बोटीवर चढल्या चढल्या काकांनी टपल्या मारल्या, “येक, दोन, तीन.” तिसरी टपली सरांच्या डोक्यावर पडली आणि सर कडाडले.

“अक्कल आहे का तुला? तो होता तिथे! दोन हातांवर! तोच!”

“तुम्ही क्लिप काढत होतात, सर.”

“एका मिनिटासाठी! एका मिनिटाने काय आभाळ कोसळणार होतं?”

“नियम तुमचाच आहे. दारावर लिहिलाय.”

“नियम मला शिकवतेस?” सरांचा आवाज चिरकला. “आठ वर्षं, खोबरेकर. आठ वर्षं मी लोकांचं हसं सहन करतोय. आणि तू मला माशासारखा ओढून काढलास!” त्यांनी फिन्स फेकले आणि काकांकडे वळले. “बाबल, बोट हलवू नकोस. प्रवाह मंद आहे, तो अजून इथेच असणार. हवेच्या दोन टाक्या भरलेल्या आहेत. मी जातो. फिलिप, तू मध्ये बस.”

फिलिपने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. “चालेल, सर,” तो पुटपुटला. त्याचा मला राग नाही आला. तो ऐकणारच होता.

“नाही चालणार,” मी म्हटलं. “तीन हिसके बसलेत. आजचं पाणी संपलं.”

“तू बाजूला हो.”

“नाही.”

“तुला ती जागा नकोय का?” हे ते हळू म्हणाले, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “पत्र मी अजून लिहिलेलं नाही.”

माझा नुसता तिळपापड झाला. मासे चिरायचा काकांचा कोयता फळीवर पडला होता, तो उचलला, सरांची दोरी घेतली, फळीवर धरली आणि तिचे चार तुकडे केले. मग भरलेल्या दोन टाक्यांवर जाऊन बसले, मांडी घालून.

“लिहू नका पत्र,” मी म्हटलं. “पण आज इथून कुणी उतरणार नाही. मला उचलून बाजूला ठेवायचं तर ठेवा.”

बोट डुलत होती. सर माझ्यासमोर उभे होते, ओलेचिंब. मला वाटलं आता हे थोबाडीत देणार. पण ते एकदम खाली बसले, फळीवर, आणि माझ्याशी न बोलता कुठेतरी पाण्याकडे बघत बोलायला लागले.

“तुला कळत नाहीये. मागच्या वेळीही एवढाच जवळ होता. मी बघत होतो. तो माझ्या समोरून असा, असा गेला. हातात दोऱ्या, म्हणून काही करता येईना. मी नुसता बघत राहिलो...”

हातात दोऱ्या.

मी टाक्यांवर बसले होते तशीच राहिले. बरणी नव्हती हातात, असं ते म्हणाले होते. बरणी विसरलेली नव्हती. बरणी नसते ती कुणाच्या हातात, हे मला नऊ दिवस झाले चांगलं ठाऊक होतं. मी काकांकडे पाहिलं. काकांनी तोंड फिरवलं.

“सर,” मी म्हटलं, “तेव्हा मध्ये तुम्ही होतात.”

सरांनी मान खाली घातली.

“कोण गेलं?”

काकाच बोलले. “रघुवीर आठल्ये,” ते म्हणाले. “सरांचो दोस्त. मीच होतंय बोटीर. वर दोघे इले. मी मोजलंय, आणि परत मोजलंय.”

“त्याची क्लिप कशी सुटली मला माहीत नाही,” सर म्हणाले. “त्यानेच काढली, की नीट लागली नव्हती, काहीच माहीत नाही. मी किती वेळ त्या प्राण्याकडे बघत होतो तेही माहीत नाही. वळलो तेव्हा रघूचं शिसं पार खाली उतरलं होतं आणि त्याची मोकळी क्लिप रिंगला येऊन अडकली होती. दोरीला कुणी नव्हतं.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तो सापडला नाही. आणि वर येऊन मी सांगितलं की असा असा प्राणी होता, तर लोक म्हणतात शेंबूड. मला तो एकदा बरणीत हवा होता, खोबरेकर. निदान तो होता, एवढं तरी. नाहीतर रघू कशापायी गेला?”

मला त्यांची कणव आली. आली, हे लपवत नाही. पण चीड गेली नव्हती, आणि जे मनात होतं ते मी बोलून टाकलं.

“ते त्या प्राण्यापायी गेले नाहीत, सर. तुम्ही बघत होतात म्हणून गेले. आणि आज तुम्ही दोरी सोडली असती तर तुम्ही गेला असतात, आणि उद्यापासून मी तुमच्यासारखी झाले असते. ते मला नकोय.”

फिलिपने “अगं...” म्हणून माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

सर उठले. दारावरच्या नियमांपाशी गेले, परत आले. मग माझ्यासमोर गुडघ्यांवर टेकून बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी पहिल्यांदाच घाबरले. ती आशा होती.

“तू बसली होतीस तिथून त्याच्यापर्यंत मध्ये काहीच नव्हतं,” ते म्हणाले. “फिलिपची त्याच्याकडे पाठ होती. पण तू माझ्याकडेच बघत होतीस. माझ्या हाताच्या पुढे होता तो. तू पाहिलास. पाहिलास ना? दोघांनी पाहिला म्हटलं तर कुणी हसणार नाही. तू फक्त सांग, की होता. पत्र आत्ता लिहितो, इथे. तू फक्त खरं सांग.”

काका सुकाणू सोडून जवळ आले होते. फिलिप माझ्याकडे टक लावून बघत होता. ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? एक म्हातारा माणूस सुखाने निवृत्त झाला असता. मला जागा मिळाली असती, आईचा शब्द राहिला असता. आणि मला खात्री होती की तो तिथे होता. एवढा शहाणा माणूस रिकाम्या पाण्यासाठी क्लिप काढत नाही.

“मी नाही पाहिला,” मी म्हटलं.

“तुझ्या डोळ्यांसमोर होता!”

“मी तुमच्या हाताकडे बघत होते, सर. क्लिपवरच्या. त्याच्या पुढे काय होतं ते मी पाहिलंच नाही.”

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे हळूहळू भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. शेवटी त्यांनी मान हलवली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मधल्याने पाहायचंच नसतं.”

एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले. काकांनी न विचारता बोट मालवणच्या दिशेने वळवली. मग मी टाक्यांवरून उतरले.

पत्र आलं नाही. सरांनी रागाने लिहिलं नाही की लाजेने, ते मी कधी विचारलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आई दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही, आणि मी तीन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मग फिलिपने स्वतःची मोहीम काढली, तेव्हा मला बोलावलं. म्हणाला, “बरणी हवी का?” मी म्हटलं, “नको. मध्ये बसते.”

सर दोनदा आमच्याबरोबर आले. निवृत्त झाले होते, तोंडाची धार तशीच होती, पण क्लिप ओढून मी “कोण?” म्हटलं की ताठ उभे राहायचे.

दुसऱ्या खेपेला फिलिपने तो धरला, दोरीच्या आत, व्यवस्थित, पाण्यासकट. मोठ्या बरणीत वेटोळं होऊन जेमतेम मावला इतका लांब. त्याच्या शास्त्रीय नावात आठल्यांचं नाव आहे. ते सरांनीच घालायला लावलं. बोटीवर सगळे त्या बरणीभोवती गोळा झाले होते, सर तर तिला गाल लावून बसले होते. मला सगळ्यांनी हाका मारल्या. मी रिंगमधून दोऱ्या काढून गुंडाळत होते, तशीच गुंडाळत राहिले.

आज तो एका संग्रहालयात आहे. बाटलीत त्याचा रंग उडाला, असं म्हणतात. मी अजून बघायला गेलेले नाही. मध्ये बसून मला सव्वीस वर्षं झाली. त्या मधल्या जागेवरून मी एकही जेलीफिश नीट पाहिलेला नाही, असं म्हटलं तर लोकांना खोटं वाटतं. वाटू दे. माझी माणसं मात्र सगळी वर आली आहेत.